बारकीने मागितलं होतं ते

३ मार्च

बारके,

फाडायचं तर फाड, पण आधी पहिलं पान वाच. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या दारात येऊन उभं राहायची माझी छाती नाही, म्हणून हा पत्राचा उद्योग. चाळिशीनंतर माझं अक्षर आणखी बिघडलंय. सांभाळून घे.

काल बसस्टॉपवर तुझी लेक भेटली. मला बघून तिने आधी मोबाइलमध्ये डोकं घातलं, मग बिचारीला राहवलं नाही. तुझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे आणि मे महिन्यात ती बदलायची आहे, एवढं सांगितलं. सवयीने मी बोलून गेले, "प्रार्थनेच्या साखळीवर टाकायला सांगते." तर ती बुटांकडे बघत म्हणाली, "मावशी, आईने बजावलंय. काही झालं तरी तिचं नाव साखळीवर जायचं नाही. आणि तू तर तिच्यासाठी प्रार्थनाच करायची नाहीस."

ऐकून मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. राग आला असता तर घरी येऊन भांडी तरी आपटली असती. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले आणि दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले, कारण माझा स्टॉप गेला हेच कळलं नाही.

साखळी तशीही आता माझ्याकडे नाही. गेल्या महिन्यात विनंत्यांची वही चर्चच्या पाळकांना देऊन आले. चौदा वर्षं मी पहिली कडी होते. मंडळीत कोणाकडे दुखणं असो, परीक्षा असो, नवरा-बायकोचं वाजलेलं असो, पहिला फोन मला. मी वहीत लिहायचं, दुसऱ्या कडीला सांगायचं, दुसरीने तिसरीला. अकरा घरं फिरून विनंती घड्याळवाल्या काकांकडे पोचली की त्यांनी मला उलटा फोन करून ती शब्दन् शब्द म्हणून दाखवायची, म्हणजे वाटेत काही गळलं नाही याची खात्री. तुला हे सगळं पाठ आहे. लिहिताना मलाच एकदा नीट मांडून बघायचं होतं.

तुझे मास्तर गेले त्या वेळी तुझ्यामाझ्यात जो गैरसमज झाला, त्याला सतरा महिने झाले. एवढा काळ पुरे नाही का? मला काही नको आहे. फक्त ऑपरेशनची तारीख कळव.

तुझी ताई


१९ मार्च

बारके,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पेटी रोज उघडून बघते. पेटीत फक्त पडदे धुऊन देणाऱ्यांची जाहिरात असते.

आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात काय चाललंय ते लिहिते, म्हणजे तुला काही बोलावं लागणार नाही. मालकांनी नवीन भट्टी घेतली. समोरच्या टेबलावर अजून चष्मेवालीच बसते आणि अजून एका कवळीला दोन दिवस लावते. माझ्या फळीवर सध्या चोवीस तोंडं आहेत, प्लास्टरची. सगळी आ वासून माझ्याकडे बघतात. तू मागे आली होतीस तेव्हा त्यांच्याकडे पाठ करून डबा खाल्ला होतास, आठवतं?

तर सोमवारी एक म्हातारी थेट कारखान्यात आली. आमच्याकडे पेशंट कधी येत नाहीत. दवाखान्यातून माप येतं, आम्ही कवळी करून पाठवतो, माणसाशी आपला संबंधच नाही. ही मात्र डॉक्टरांकडून पत्ता काढून, दोन जिने चढून, धापा टाकत आली आणि रुमालातून कवळी काढून माझ्यासमोर ठेवली.

"ही कोणाची?" म्हणाली.

मी म्हटलं, "तुमचीच, आजी."

"माझी कशी असेल? माझा हा दात पुढे होता. लग्नाआधीपासून. मी डॉक्टरला सांगितलं होतं, तसाच ठेवा म्हणून."

मालकांनी चिठ्ठी शोधून काढली. चिठ्ठीत लिहिलेलं होतं, डाव्या सुळ्याशेजारचा दात थोडा पुढे, पेशंटच्या सांगण्यावरून. मी ती ओळ वाचली होती, बारके. वाचून मनात म्हटलं होतं, या वयात कशाला वाकडा दात, सरळ छान दिसेल. आणि मेणात सगळे दात एका रेषेत बसवले होते. काम सुबक झालं होतं, त्यात खोट नव्हती.

मालक ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "चिठ्ठी वाचली होती ना?"

"वाचली होती. पण सरळ बरे दिसतात."

"कोणाला?"

म्हातारी रडत होती. मोठ्याने नाही, नाक पुसत. म्हणाली, आरशात बघितलं तर दुसरीच बाई बघत होती. मी कवळी पुन्हा करायला घेतली. चष्मेवाली दिवसभर माझ्याशी गोड गोड बोलत होती, ते जास्त झोंबलं.

तुझं हृदय कसं आहे? जिने चढू नकोस.

ताई


७ एप्रिल

बारके,

मागच्या पत्रात गैरसमज असा शब्द वापरला होता की त्याच्या आधीच्या? मी प्रती ठेवत नाही. कुठेही असो, तो खोड. गैरसमज कोणाचाच झाला नव्हता. तुला सगळं बरोबर समजलं होतं.

मी पाळकांकडे गेले होते. रविवारी उपासना संपल्यावर ते खुर्च्या एकावर एक रचत होते, मीही रचायला लागले. म्हातारीच्या दाताची गोष्ट सांगितली. ते हसले. मग तुझी सांगितली. मग हसले नाहीत.

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, म्हणजे दोन ठिकाणी दोन गोष्टी नकोत. त्या गुरुवारी दुपारी अतिदक्षता विभागाच्या बाहेरून तू मला फोन केलास. म्हणालीस, "ताई, साखळीवर टाक. मास्तर वाचू देत. एवढंच सांग, बाकी काही लावू नकोस." मी हो म्हटलं. वहीत लिहिलं, मास्तर वाचू देत. वहीत आजही तसंच आहे. मग दुसऱ्या कडीला फोन लावला आणि सांगितलं, मास्तरांच्या बाबतीत देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, त्यांना शांती मिळो, आणि घरच्यांना ते स्वीकारायचं बळ मिळो.

अकरा घरांत तीच प्रार्थना झाली. तासाभराने घड्याळवाल्या काकांचा उलटा फोन आला. त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवली आणि मी म्हटलं, "बरोबर आहे, काका." शनिवारी सकाळी मास्तर गेले. आणि सोमवारी कबरस्तानातून परतताना सातव्या कडीने, ती शिवणकामवाली, तुझा हात धरून म्हटलं, "तू किती धीराची गं. स्वतः सांगितलंस, देवाची इच्छा असेल तसं होऊ दे." तू माझ्याकडे वळून बघितलंस. मी चपलेचा पट्टा बांधायला वाकले. पट्टा सुटलेला नव्हता.

पाळकांना मी म्हटलं, "साहेब, पण प्रार्थना चुकीची होती का? आपण दर रविवारी तेच शिकतो ना? त्याच्या इच्छेला धरून मागावं. आपला हट्ट त्याच्या गळ्यात बांधू नये."

"शब्द बरोबरच होते," ते म्हणाले.

मला सुटल्यासारखं झालं. खुर्ची उचलून ठेवणार, तर म्हणतात, "पण तुम्हाला स्वतःला काय हवं होतं? त्या दिवशी?"

मी म्हटलं, माझा काय संबंध, मागणं बारकीचं होतं.

ते म्हणाले, "येशू प्रभूने, धरला जायच्या रात्री, बागेत आधी स्वतःला काय हवं ते स्पष्ट सांगितलं. हा मरणाचा प्याला नको म्हणाला. मग म्हणाला, बापाची इच्छा. तुम्ही बारकीचं पहिलं वाक्यच गाळलंत, हे कळलं. तुमचं स्वतःचं पहिलं वाक्य काय होतं, ते विचारतोय."

मी खुर्च्यांची रांग मोजायला लागले. चव्वेचाळीस होत्या. त्यांनी उत्तराचा आग्रह धरला नाही. दाराला कुलूप लावलं आणि मला कोपऱ्यापर्यंत सोडलं.

ताई


२५ एप्रिल

बारके,

त्यांनी विचारलेल्याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. लिहायचं जिवावर येत होतं. आता लिहिते. उद्या लिहिणार नाही, हे मला माहीत आहे.

सात आठवडे मी दुपारी तीनपासून सातपर्यंत मास्तरांपाशी बसत होते, तू घरी जाऊन आंघोळ करून चार घास खाऊन येईपर्यंत. मी कधी कुरकुर केली नाही. सगळे म्हणायचे, मेव्हण्यासाठी एवढं करणारी, बहीण असावी तर अशी. मलाही ते आवडायचं.

मास्तरांचा उजवा पाय चादरीखाली सारखा दाबल्यासारखा हलायचा. वीस वर्षं शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसून ब्रेक दाबलेला पाय, तो शुद्धीत नसतानाही ब्रेक शोधत होता. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. दुसऱ्यात रडू. चौथ्यात मी खुर्ची अशी वळवून बसायला लागले की तो पाय दिसू नये. सहाव्या आठवड्यात विभागाचा जिना चढताना एके दिवशी माझ्या मनात सरळ आलं, आज तरी संपलेलं असू दे. वरती गेले, मशीन चालूच होतं, आणि मी निराश झाले. मास्तर जिवंत आहेत म्हणून मी निराश झाले. त्यांच्या सुटकेसाठी वगैरे नाही. मला माझ्या संध्याकाळी परत हव्या होत्या. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

डॉक्टर आशा सोडू नका म्हणत होते. फार आशा दाखवत नव्हते, पण सोडा असंही म्हणत नव्हते. सोडली होती ती मी.

आणि गुरुवारी तुझा फोन आला, मास्तर वाचू देत. माझ्या तोंडून ते वाक्य पुढे जाईना. अकरा घरं एकदम उठून ते मागतील, आणि समज मिळालंच, तर आणखी सात आठवडे, आणखी किती तरी महिने. म्हणून मी बदललं. मला जे हवं होतं त्याला देवाची इच्छा असं नाव दिलं आणि पुढे ढकललं. कोणाला शंकाही आली नाही. अशा शब्दांत कोण खोट काढणार?

त्यानंतर माझी प्रार्थना आटली. गुडघे टेकते, शब्द बोलते, उठते. मळमळत नाही, रडू येत नाही, काही नाही. दात काढल्यावर भूल उतरेपर्यंत गाल आपला नसतो ना, बोट लावलं तरी कळत नाही, तसं सगळं अंग. चौकशीच्या खिडकीवरची बाई गाड्यांच्या वेळा सांगते तशी मी दर रविवारी माइकवर विनंत्या वाचत होते. म्हणून वही परत केली. पाळकांना म्हटलं गुडघे दुखतात. तेही खोटंच.

मी क्षमा मागत नाही. मागायला हवी, हे कळतं, पण ती भावना आतून येत नाही आणि न येता मागितली तर तेही त्या दिवशी साखळीवर टाकलेल्या वाक्यासारखंच होईल. जे झालं ते सांगितलं. तू म्हणालीस माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस, तर मी करत नाही. तेवढं ऐकलं आहे.

ताई


१२ मे

बारके,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. लेकीने स्वतः कारखान्यात आणून दिलं आणि थांबली नाही. मी मेणाचे हात धुऊन, फळीवरच्या तोंडांकडे पाठ करून वाचलं. नऊ ओळी आहेत. आता पाठ झाल्यात.

तू लिहितेस, "ताई, चारही पत्रं वाचली. तू मागितलं असतंस तरी मास्तर गेले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं, मी काही खुळी नाही. देवाने मला नाही म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते आणि मग गप्प झाले असते. पण त्याने नाही म्हणायच्या आधी तूच माझ्या वतीने नाही म्हणून मोकळी झालीस. माझं मागणं त्याच्यापर्यंत गेलंच नाही असं मला अजून वाटतं. अकरा माणसांत मी एकटी पडले. ते मी विसरणार नाही."

आणि खाली, "ऑपरेशन चौदा तारखेला, सकाळी सातला आत नेणार. साखळीवर टाकू नकोस. तू माग. तुला जे हवंय ते माग. नको असेन तर तसं सांग त्याला."

हे शेवटचं वाक्य तू रागाने लिहिलंस की थट्टेने, ते ठरवता आलं नाही. तुझं दोन्ही सारखंच असतं, लहानपणापासून.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी प्लास्टरच्या गोण्यांमागे गेले, तिथे जागा आहे, आणि गुडघे टेकले. तोंड उघडलं तर पहिलं तेच आलं, तुझ्या इच्छेप्रमाणे. चौदा वर्षांची सवय, जीभ आपोआप तिकडे वळते. मी तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, हाताला प्लास्टरची पूड होती, ती ओठांना लागली. देवाच्या समोर मला काय हवं आहे ते सांगायची मला लाज वाटत होती, बाजारात नको ती वस्तू मागितल्यासारखी.

मग म्हटलं, बारकी वाचू दे. एवढंच. बाकी काही लावलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना मला भीती वाटली, बारके. तू ऑपरेशनमध्ये गेलीस तर माझं कोण उरतं, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं, ते म्हणजे ही भीती. भूल उतरताना आधी ठणकाच लागतो, हे रोज कवळ्या करणाऱ्या बाईला माहीत असायला हवं होतं. मला हवी आहेस तू. हे त्याला सांगितलं. तुलाही सांगते.

चष्मेवाली वर आली तेव्हा मी गोणीला टेकून बसले होते. तिने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "नाही." ती पाणी घेऊन आली आणि माझे उरलेले दोन साचे न विचारता स्वतःच्या टेबलावर घेऊन गेली.

दुसरं वाक्य मला माहीत आहे. देवाला जे बरं दिसेल ते होवो, आणि ते आपल्याला सोसेल. ते खरं आहे, मी अजूनही मानते. त्यावाचून प्रार्थना म्हणजे नुसता हट्ट, हेही मानते. पण ते मी आज म्हटलेलं नाही. तुझ्या जिवाबद्दल ते म्हणायचा पहिला हक्क तुझा आहे. मागच्या वेळी मी तो परस्पर घेतला.

परवा सकाळी साडेसहाला मी वॉर्डच्या दाराशी असेन. आत बोलावलं नाहीस तर बाहेर बाकावर बसेन, संध्याकाळपर्यंत, आणि किती संध्याकाळी लागतील तितक्या. आत बोलावलंस तर तुझा हात धरून पहिलं वाक्य मोठ्याने म्हणेन, तुला ऐकू येईल असं. मग थांबेन. पुढचं तू म्हणालीस, तर तुझ्या मागून मी म्हणेन. तू म्हणाली नाहीस, तर मीही म्हणणार नाही.

ताई